कोऱ्या कागदावरची सही

दर रविवारी डॉक्टर नाएफ कोऱ्या कागदांवर सह्या करून गठ्ठा नर्स रुदैनाकडे देत आणि करक शहरातल्या आपल्या खासगी दवाखान्यात निघून जात. गावच्या सरकारी दवाखान्यात आठवडाभर औषधं तीच लिहून देई. औषधं लिहून देण्याचं रीतसर शिक्षण घेऊन ती परतली आणि पहिल्याच रविवारी तिनं गठ्ठा परत केला.

“यापुढं मी माझ्याच सहीनं लिहीन.”

“बारा वर्षं माझ्या सहीवर लिहिलंस, उम्म यझन,” तिच्या मुलाच्या, यझनच्या नावानं तिला हाक मारत डॉक्टर म्हणाले. “कधी चुकलीस?”

“ठाऊक नाही. सही तुमची होती, म्हणून मी कधी मागं वळून पाहिलंच नाही.”

तिनं दार उघडलं. बाहेरचा बाक बायकांनी भरला होता.

“तेव्हाच्या सगळ्या पेशंटना पुन्हा तपासायला बोलावलंय. तुम्हीही बसा, डॉक्टर.”