काळूरामाची नाममुद्रा

या, जरा जवळ सरका. टाळ मांडीवर ठेवा. आज पोथीतलं आख्यान नको. आपल्या राहनाळ गावचंच एक सांगतो, दोन हजार सहा सालचं.

केसरीनाथ सर तुळजाआजीच्या ओट्यावर बसले होते. आपल्या भागातल्या विसरलेल्या संतकवींचा इतिहास ते लिहीत होते. आजीच्या भजनी मंडळाचे अभंग त्यांनी टेप केले होते. प्रत्येकाच्या शेवटी एकच नाममुद्रा: ‘काळूराम म्हणे’.

आजीनं पुन्हा एक अभंग म्हटला. समोर गोदामाच्या फाटकात ट्रक घरघरत होते. काळूरामाचं नाव आलं की ती थांबायची. कान द्यायची, कुणी ओ देईल अशी. मग उरलेली ओळ पुरी करायची. 

“काळूराम तुमचे कोण, आजी?”

“आमचाच.”

नवऱ्याचं नाव तिनं असं तोंडभर घेतलं नसतं, दिराचंही नाही. म्हणजे भाऊ, हे सरांनी मनाशी ठरवलं.

“शिकलेले होते?”

“न्हाय रे बाबा. पाटी बी न्हाय बघली.”

“गाव सोडून कुठं गेले होते?”

“उंबरा बी न्हाय वलांडला.”

“आणि आवाज?”

आजी हसली. “सूर लावला का आख्खी आळी जागी!”

सर भराभर लिहीत होते. निरक्षर, विरक्त, खड्या आवाजाचा.

तेवढ्यात सून रूपा चहा घेऊन आली. “सर, तुमी बी काय! सगले अभंग आमच्या आयचेच हायेत. भाकऱ्या थापताना जुळवते, मी सोता ऐकलंय.”

“तुना कोनी इचारला? चहा ठेव नि जा,” आजी कडाडली.

सरांनी पेन थांबवलं. “खरं का हे, आजी? मग इतिहासात तुमचं नाव पाहिजे. काळूरामांचं खोडतो.”

आजीनं त्यांचं मनगट धरलं. 

“खोडू नको. माजा नाव घेनारी लय. तुळजावयनी, तुळजामावशी, रेशनवाला बी वरडतो, ओ तुळजाबाय! मना काय कमी? त्याचा नाव मी मेल्याव कोन घेल?”

“पण आजी, ज्यानं रचलं त्याचंच...”

“मंग टेप पुस. एक बी अभंग देनार न्हाय.”

 शेवटी मुद्रा तशीच राहिली. बहिणीची माया, असं म्हणत ते उठले.

पुस्तक निघालं. तुळजाआजी त्यात कुठंच नाही. काळूराम आहे, पानभर.

आजी आता वैकुंठाला गेली. जाण्याआधी काळूराम कोण ते मला सांगून गेली, म्हणून मंडळी, तुमच्यापाशी मागतो: काळूरामाची आठवण ठेवा, आणि त्याची मुद्रा आली की टाळ हळू वाजवा, कारण बारशाला आत्येनं आजीच्या तान्ह्या लेकाच्या कानात सांगितलेलं ते नाव दुसऱ्यांदा ऐकायला पाळण्यात कुणी उरलं नव्हतं.