कॅसेटची खाच

"कॅसेटची खाच काढून टाकायचं ठरलं होतं," नव्या गेम कन्सोलचा नमुना पाहताच अध्यक्ष चौबळ म्हणाले. "जुने गेम चालत राहिले, तर नवे कोण घेईल?"

"नाही काढली." कंपनीचे आधीचे तिन्ही कन्सोल वृंदानेच घडवले होते. "लोकांनी तीस वर्षं आपल्या कॅसेटी जपल्यात. त्या भंगारात काढायला लावून वर नवं यंत्र खपवायचं, हे माझ्याच्याने होणार नाही."

"मग दुसरं कोणी करेल."

"खुशाल करू दे. त्याआधी ही लावून बघा." तिने कंपनीची सगळ्यात पहिली कॅसेट त्यांच्यापुढे सरकवली.

चौबळांनी नाखुशीनेच ती उचलली, ओठांशी नेली, धूळ उडावी म्हणून लहानपणीसारख्या दोन फुंकरी मारल्या आणि खाचेत बसवली. मग त्यांचा हात तिथेच थांबला.

"फुंकर मारा असं मी म्हटलं नव्हतं, साहेब." वृंदाने स्क्रूड्रायव्हर त्यांच्यासमोर ठेवला. "आता काढा खाच. तुमच्या हातांनी."

कन्सोलला जोडलेल्या टीव्हीवर जुनी धून वाजू लागली. चौबळांनी स्क्रूड्रायव्हर बाजूला सारला.

"दुसरा कंट्रोलर आणलाय का?"