टाकीचं झाकण

पंपावर गाडीच्या टाकीचं झाकण उघडेना, म्हणून अप्पा तसेच सोसायटीत परतले. त्यांचा संशय वॉचमनवर होता. तोच सारखा गाडीभोवती घुटमळायचा.

मेकॅनिकने डिकीत वाकून पाहिलं. "झाकणाची केबल तुटलेली नाही, काका. कुणीतरी मुद्दाम काढलीय."

"मी म्हणत नव्हतो?" अप्पा सुनेवर कडाडले. "वृंदा, सेक्रेटरींना फोन लाव!"

वृंदा जागची हलली नाही. "अप्पा, मीच काढायला लावली, पेट्रोल भरून लांब जाता येऊ नये म्हणून. मंगळवारी भाजी आणायला म्हणून निघालात आणि संध्याकाळी साताऱ्याजवळ सापडलात. घरचा रस्ता आठवत नव्हता तुम्हाला. गाडीची किल्ली मागायचा मला धीर होईना."

अप्पांनी तिच्याकडे संशयाने पाहिलं. मग ते आठवू लागले. सोमवार आठवला, बुधवारही आठवला. मंगळवार काही केल्या सापडेना.

त्यांनी किल्ली तिच्या हातात ठेवली.