कापलेली वायर

२०२२ साली माझ्या नातवाने, सुजितने, आजोबांच्या जुन्या मोटारसायकलला एलईडी दिवा बसवायला घेतला.

"आजी, आतली वायर कुणीतरी कापलेली हाय गो!"

"उंदरानं खाल्ली असंल."

फार वर्षांपूर्वी विळीने मीच कापली होती, जावेशी भांडून. तेव्हा माझे हे रोज तिन्हीसांजेला धक्क्यावरून गाडीचा दिवा तीनदा लुकलुकवत. होडीतून दीर, जावेचे यजमान, तीनदा बत्ती दाखवत आणि त्या खुणेवर खाडीत शिरत. त्या संध्याकाळी हे बल्बच बदलत बसले. दीर परत आलेच नाहीत. हे पुन्हा गाडीवर बसले नाहीत.

सुजितने नवा दिवा बसवला. तो तीनदा लुकलुकला.

"बॅटरी जोडलीच न्हाय अजून," सुजित म्हणाला.

समुद्रावरून तीनदा उत्तर आलं.

सुजितने गाडी विकली. जाऊ वारली, शेवटपर्यंत मला बहीण मानून. समुद्रावर मात्र रोज तिन्हीसांजेला तीनदा उजेड होतो. मी खिडकी लावून घेते.