गालांचा रंग

"बाबा, ही आई नाही."

मुलीने फोटोचं प्रूफ छापखान्याच्या खिडकीशी धरलं, लांब नेलं, पुन्हा जवळ आणलं. दुसऱ्या शहरातल्या नव्या घरात लावायला तिला आईचा फोटो मोठा करून हवा होता. उद्या ती निघणार होती.

बाप इथे रंग जुळवायचा. सगळे त्याला 'डोळा' म्हणत. यंत्राने कितीही हो म्हणू दे, डोळा हो म्हणेपर्यंत कागद पुढे सरकत नसे. फोटो जुना, विटून तांबूस झालेला. रंगाची खूण म्हणून त्याने फोटोतल्या बायकोची कॉलर धरली. ती पांढरीशुभ्र होती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कॉलर पांढरी होईपर्यंत तो एकेक रंग काढत राहिला, घालत राहिला, आणि तिच्यामागोमाग चेहराही उजळत आला. गालांवर गुलाबी झाक उमटली तेव्हा तो खुर्ची मागे सरकवून नुसताच बसून राहिला होता.

"काय चुकलंय?" त्याने जरा घुश्श्यातच विचारलं.

"गाल बघ ना! आईने कधी लाली लावली होती का?" मुलगी हसली. "कॅलेंडरवरची बाई वाटतेय. हात सैल सुटलाय तुझा, डोळेसाहेब."

"कॉलर पांढरी आहे की नाही?"

"कॉलर घेऊन काय करू? मला आई हवीय." तिचा आवाज खाली आला. "पिवळसर होती रे ती. मेणासारखी. मला कुशीत घ्यायची तेव्हा तिचा गळा अगदी समोर असायचा. तेवढंच तर आठवतं मला."

त्याने प्रूफ तिच्या हातून काढून घेतलं.

"खरंच की," तो म्हणाला. "पिवळा कमी पडला."

तो पुन्हा संगणकापुढे बसला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने जाणूनबुजून रंग बिघडवला. गाल मावळले. कॉलर पिवळी पडली. नवा कागद बाहेर आला तसा मुलीने तो छातीशी धरला.

"ही बघ. ही माझी आई!"

फोटो तिच्या जन्माआधीचा होता. बाळंतपणात जडलेल्या दुखण्याने बायको पिवळी पडत गेली आणि ते तिला घेऊनच गेलं, हे त्याने मुलीला कधी कळू दिलं नव्हतं. ती गुलाबी झाक ओळखणारा आता तो एकटाच उरला होता, आणि ती झाक म्हणजे आपल्याच हातची चूक, असं त्याने नुकतंच कबूल केलं होतं.