नीवेसच्या हाताची भेग

ढाल शेवटी ओलिंदोलाच मिळाली. पण एर्मेतेच्या हिशेबी हे अजून घडलेलंच नाही, तेव्हा आपणही ते घडलं नाही असंच धरून चालू.

तर रविवार होता, चौकात जुन्या स्पोर्ट्स गाड्या ओळीने उभ्या होत्या, आणि एर्मेते ओलिंदोच्या गाडीत कमरेपर्यंत घुसला होता. पाय बाहेर, डोकं आत. दोघांच्या गाड्या एकाच वर्षीच्या, एकाच लाल रंगाच्या. सर्वांत अस्सल जपलेल्या गाडीला क्लबची ढाल मिळायची, आणि त्या ढालीपायी दोघं कित्येक वर्षं एकमेकांशी अतिशय सभ्यपणे वागत होते.

चालकाशेजारच्या सीटकडच्या दाराच्या आतल्या पॅनेलला भेग होती.

दारातल्या सामान ठेवायच्या खणाखाली सुरू झालेली, तिरकी, टोकाशी जरा वर वळलेली. एर्मेतेने ती बोटाने चाचपली. ही भेग तो ओळखत होता. ही त्याच्या बायकोची होती.

नीवेस गाडीचं दार कधीही हँडल धरून ओढत नसे. खणाची कड धरायची आणि असं ओढायची, जणू मागून चोर आत शिरतोय. उन्हाने सुकलेलं रेक्झिन, मागे पुठ्ठ्याची फळी. तडकणार नाही तर काय होणार? "हँडल, नीवेस, हँडल!" त्यांच्या संसारात याहून जास्त वेळा दुसरं कुठलंच वाक्य बोललं गेलं नव्हतं.

मागच्या वसंतात एर्मेतेने हा विषय मिटवला. एकही क्लिप न तोडता पॅनेल सोडवलं. ओलीने फुगलेली फळी वाइनच्या बुधल्यांखाली दाबून सपाट केली. मागून कापडी पट्टी चिकटवली, पुढून लवचिक लुकण भरलं, घासलं, पुन्हा भरलं, रंग जुळवला. झिरपणारं पावसाचं पाणी अडवायला दार आणि पॅनेलच्या मध्ये प्लॅस्टिकचा कागद लावला, उन्हासाठी काचांवर पांढरी चादर. वर्ष झालं, भेग परत आली नव्हती. आपल्या हातात जादू आहे असं तो भेटेल त्याला सांगत सुटला होता.

आता ओलिंदोच्या गाडीत लोंबकळताना त्याला आठवलं, की वर्षभरात नीवेस त्याच्या गाडीत बसलीच नव्हती. मान दुखते म्हणायची. दर गुरुवारी मात्र मानेसकट बाहेर पडायची. चर्चच्या गायनाला, म्हणे.

"काही हरवलं का रे तुझं आत?" मागून ओलिंदोचा आवाज आला. हा विधुर, आणि मिशांना अजून तेल लावणारा.

एर्मेते बाहेर आला. "ही भेग मागच्या वर्षी नव्हती."

"असेल. तू बघितली नसशील."

"तुझी गाडी मी तुझ्यापेक्षा जास्त बघतो. शेजारी कोण बसतं तुझ्या?"

"या वयात कोण बसणार माझ्याशेजारी?"

"दार जोरात ओढणारं कोणीतरी."

ओलिंदो लाजला. एर्मेतेने त्याला लाजताना पहिल्यांदाच पाहिलं. दृश्य वाईट होतं.

"हात असतो एकेकाचा," ओलिंदो म्हणाला आणि स्वच्छ आरसा पुसू लागला.

जेवणाची लांब टेबलं चौकातच मांडली होती. नीवेस ताल्यातेल्ले पास्ता खात होती.

"गुरुवारी कुठे असतेस?"

"गायनाला."

"नीवेस."

तिने ओठांवरचा रस्सा टिपला. "ओलिंदोकडे."

ती नाही म्हणेल असं त्याला वाटलं होतं. नाही म्हणाली असती तर ओरडता तरी आलं असतं.

"कधीपासून?"

"तू ते पॅनेल केलंस, तेव्हापासून."

"असं काय आहे त्याच्यात?"

"त्याच्यात? काही नाही. पण तू ज्यावरून जन्मभर माझ्यावर ओरडलास ना, त्यावर तो म्हणतो, 'शाब्बास, अजून जोरात!'"

शेजारी बसलेल्या औषधवाल्याने काटा खाली ठेवला.

"सोडून जाणार आहेस मला?" एर्मेतेने विचारलं. ढाल, गाडी, सगळं त्या क्षणी त्याला कवडीमोल वाटलं.

"आधी जेव," नीवेस म्हणाली.

तेवढ्यात माइक खरखरला. बोलोन्याहून खास बोलावलेले परीक्षक, इंजिनिअर झाक्केरोनी, उभे राहिले.

"मंडळी, या गाडीचं मूळ पॅनेल खणापाशीच तडकतं आणि माणसाच्या हातानेच तडकतं. ओलिंदोंच्या गाडीतली भेग बघा. अशी भेग बनवता येत नाही, त्याला आयुष्य जावं लागतं. एर्मेतेंचं पॅनेल मात्र इतकं गुळगुळीत आहे, की ते मूळचं असणं शक्यच नाही. गाडी बाद."

पुढे ढाल कोणाच्या हातात गेली ते घडलं नाही असं आपलं ठरलंय.

नीवेस एर्मेतेच्या कानाशी वाकली. "ओलिंदोचं जुनं पॅनेल पावसात कुजलं. नवं बसवलं, तर ते कोरं करकरीत. परीक्षकाला लगेच वास आला असता. म्हणून मला बोलावलं. गाडी अंगणात उभी. मी दार ओढायचं, उघडायचं, परत ओढायचं. शेवटी कॉफी."

"एवढंच?"

"एवढंच! तुला काय वाटलं, येड्या?" आणि तिने त्याच्या हातावर हात ठेवला. "पण जळलास ना माझ्यासाठी. बरं वाटलं."

एर्मेते उठला. डोळे भरून आले होते. औषधवाल्याची बायको रुमाल शोधू लागली. तो माइकपाशी गेला. सगळी नोकरी त्याने नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणीत काढली होती. मनातलं बोलायला त्याला दुसरी भाषा येत नव्हती.

"सन्माननीय समितीस विनंती, की सदर भेग ही अर्जदाराच्या कायदेशीर पत्नीच्या हातून, विवाह अस्तित्वात असताना पडलेली असल्याने ती पतिपत्नीच्या सामाईक मालमत्तेत मोडते, सबब ढाल अर्जदाराच्या नावे करण्यात यावी, आणि ते शक्य नसल्यास निदान भेग तरी विनाविलंब परत करण्यात यावी."