आठवी सवारी

“शालू, सातच्या वर मागू नको. हा ड्रायव्हर काय टेंभुर्णीचा जीपवाला न्हाई, आठवी सवारी कोंबायला!” सर्व्हरचं काम शिकवताना तन्वीरभाई असं म्हणून हसायचे.

सर्व्हरमधल्या एका नेटवर्क कार्डाची सातच आभासी कार्डं होत. आठ मागितली, की कार्ड चालवणारा प्रोग्राम, तोच ड्रायव्हर, साफ नकार देई.

श्रावणात टेंभुर्णीची जीप पुरात गेली. सात मढी हाती लागली. त्याच जीपने घरी निघालेले तन्वीरभाई सापडले नाहीत. वाचलेला जीपवाला शपथेवर सांगत राहिला, “सातच सवाऱ्या होत्या.”

टेंभुर्णीत त्यांची अम्मी रजियाबी अजून दोन्ही वेळा त्यांचं ताट वाढते. “पत्ता लगा तो फोन मत कर बेटी, खुद आको बोल,” ती म्हणाली होती. शालूने देवाला स्मरून शब्द दिला होता.

आज दुपारी धर्मराजसाहेब आले. “गोदामासाठी अजून एक कार्ड टाका की शालूताई. काय बिघडतंय?”

नकार त्यांना डोळ्यांनी दिसावा, म्हणून तिने आठचा आकडा टाकला.

ड्रायव्हरने तो घेतला.

“बघा, बसलं का न्हाई!” साहेब खुशीत निघून गेले.

शालूने एकेका कार्डाला हाक पाठवली. आठांनीही ओ दिली. तिने आकडा परत सात केला, तरी आठच. शेवटी तिने केबलच उपसून काढली.

सात कार्डं गप्प झाली. आठवं ओ देत राहिलं.

शालूने डोक्यावरून पदर घेतला, दार हळूच ओढून घेतलं आणि फोन न करता टेंभुर्णीला, रजियाबीकडे निघाली.